काळ्या लिंबाचा पावलोव्हा

लॅन्सी तुस्कानो आणि मी नऊ वर्षं एकाच गाडीतून शारजाहून दुबईला कामाला जात होतो. गाडी माझी आणि बडबड त्याची. त्याला इथलं लायसन्स कधीच मिळालं नाही. चार वेळा टेस्ट दिली, चारही वेळा पार्किंगमध्ये नापास झाला, आणि पाचव्यांदा जाणार नाही म्हणाला तो खरंच गेला नाही. आम्ही एकाच बिल्डिंगमध्ये राहतो. तो सहाव्या मजल्यावर, मी नवव्या. पावणेसातला निघालं तरी पुलाखाली गाड्या थांबलेल्याच असायच्या, त्यामुळे रोजचा सव्वा तास आम्हाला बोलायला मिळायचा. माझं काम इन्शुरन्स कंपनीत. त्यात सांगण्यासारखं काही नाही. म्हणून बोलायचा तोच.

तो वसईचा, नंदाखालचा. घरची केळीची वाडी होती, पण त्याचा जीव लहानपणापासून बेकरीत. दहावी झाल्यावर गावातल्या पावाच्या भट्टीवर दोन वर्षं काढली, मग मुंबईच्या एका हॉटेलात, आणि दोन हजार सहा साली दुबईला. मी त्याला ओळखायला लागलो तेव्हा तो एका मोठ्या हॉटेलच्या पेस्ट्री किचनमध्ये दोन नंबरचा माणूस होता. एक नंबरवर नेहमी बाहेरचा गोरा शेफ यायचा, दोन-तीन वर्षं राहायचा आणि जायचा. लॅन्सी तिथेच.

गाडीत बसला की तो आधी फोनवर हवामान बघायचा. तापमान नाही, हवेतला दमटपणा. "आज ब्याऐंशी टक्के," असं तो म्हणायचा आणि त्याचा चेहरा पडायचा. मला सुरुवातीला कळेना. मग त्यानेच समजावलं. त्याच्या हॉटेलचा सगळ्यात नावाजलेला गोड पदार्थ म्हणजे पावलोव्हा. अंड्यातलं पांढरं साखर घालून घट्ट फेसायचं, त्यात थोडं कॉर्नफ्लॉवर आणि थोडं आंबट, मग अगदी मंद ओव्हनमध्ये तास-दीड तास ठेवायचं आणि ओव्हन बंद करून आतच गार होऊ द्यायचं. बाहेरून पापडासारखं खुसखुशीत, आतून कापसासारखं मऊ. वर क्रीम, वर फळं. हवा दमट असली की त्याला पाणी सुटतं, ते चिकट होतं, बसतं. आणि इथे उन्हाळ्याचे पाच महिने हवा अशी असते की बिल्डिंगच्या बाहेर पडलं की चष्मा धुरकट होतो.

या पदार्थावरून दोन देश शंभर वर्षं भांडतायत हेही मला त्याच्याकडूनच कळलं. नाव एका रशियन नर्तकीचं. ती तिकडे दौऱ्यावर गेली होती, तिच्या मानासाठी कोणीतरी हे केलं. पण ते कोणी केलं, न्यूझीलंडमध्ये की ऑस्ट्रेलियात, यावर दोघंही हटत नाहीत. लॅन्सीचा सध्याचा शेफ कॅलम न्यूझीलंडचा होता आणि हॉटेलची जनरल मॅनेजर ऑस्ट्रेलियन बाई. ती किचनमध्ये आली की दोघांची त्यावरून गंमत चालायची. तो म्हणायचा आमच्या आज्या करत होत्या तेव्हा तुम्हाला अंडं फोडता येत नव्हतं. ती म्हणायची कागद दाखव. सगळं किचन हसायचं. लॅन्सीही हसायचा, पण मनातून त्याला वाटायचं की इथे ज्या पावलोव्हासाठी लोक येतात तो या दोघांचाही नाही, माझा आहे.

कारण तो साधा पावलोव्हा नव्हता. त्यात व्हिनेगर नसायचं, लूमी असायची. लूमी म्हणजे उन्हात वाळवून काळं, कडक आणि हलकं झालेलं लिंबू. इथले लोक भातात आणि माशाच्या रश्शात टाकतात. त्याचं आंबट, जरासं धुरकट पाणी लॅन्सी फेसात घालायचा. पावलोव्हाला दुधाच्या चहासारखा फिका रंग यायचा. वर वेलचीचं क्रीम, अल ऐनचे खजूर आणि खजुराचा काकवीसारखा दाट पाक. मी एकदा खाल्ला आहे. नोराने, त्याच्या बायकोने, किंमत ऐकून लगेच हिशेब केला होता की अडुसष्ट दिरहम म्हणजे जवळजवळ सोळाशे रुपये, यात नंदाखालला पंचवीस माणसं जेवतात.

तो कसा सुचला याची गोष्ट लॅन्सी फार रंगवून सांगायचा. गाडीत नवा कोणी बसला की सांगायचाच. मी ती निदान तीस वेळा ऐकली असेल. नऊ वर्षांपूर्वी एका अरब घराण्यातलं लग्न होतं. त्यांनी कळवलं होतं की कशातही वाइनचं व्हिनेगर चालणार नाही, आणि स्टोअरमध्ये दुसरं नव्हतं. लिंबं बघायला गेले तर क्रेट रिकामा. तीनशे लोकांचं गोड अडलेलं. लॅन्सी मसाल्यांच्या फळीसमोर उभा राहिला आणि त्याची नजर लूमीच्या बरणीवर गेली. पुढे नवरीच्या आईकडून निरोप आला की हे कोणी केलं, आणि सगळ्यांसमोर त्याने हात वर केला. इथपर्यंत आला की तो गाडीतही हात वर करायचा.

पुढे त्याची मुलगी ऑड्री सहावीत गेली. तिने शाळेत यावर निबंध लिहिला, माय फादर्स इन्व्हेन्शन. त्यावर टीचरने सोनेरी स्टार चिकटवला होता. तो कागद त्यांच्या फ्रिजवर चुंबकाने लावलेला असायचा. आता ती दहावीत गेली तरी तिथेच होता.

गेल्या सप्टेंबरात एका संध्याकाळी तो गाडीत येऊन बसला आणि एक चकचकीत मासिक डॅशबोर्डवर ठेवलं. हॉटेलच्या लॉबीत ठेवतात तसलं. आत दोन पानांवर कॅलमचा फोटो, हातात तो चहाच्या रंगाचा पावलोव्हा. खाली लिहिलं होतं की शेफ कॅलमने आपल्या मायदेशाचा पदार्थ वाळवंटाच्या चवीत नव्याने जन्माला घातला. लॅन्सीचं नाव कुठेच नव्हतं. कॅलम या हॉटेलात येऊन जेमतेम दोन वर्षं झाली होती. त्या दिवशी आम्ही शारजाला पोहोचेपर्यंत लॅन्सी एक शब्द बोलला नाही. नऊ वर्षांत पहिल्यांदा मी रेडिओ लावला.

पुढचे काही दिवस तो तेच एक बोलत राहिला. नोरा एका क्लिनिकच्या रिसेप्शनवर काम करते, शांत बाई आहे. ती म्हणाली की जाऊ दे, पगार चालू आहे, ऑड्रीचं बारावीपर्यंत व्हायचंय. मीही तेच म्हणालो. पण त्याला ते पटेना. त्याचं म्हणणं असं होतं की एकोणीस वर्षांत त्याने काही मागितलं नाही, एक नंबरची खुर्चीसुद्धा नाही. ही एक गोष्ट त्याची होती.

शेवटी त्याने एचआरला लेखी तक्रार दिली. तिथल्या मॅनेजर अरफा मॅडम लाहोरच्या. त्यांनी ती नीट वाचली आणि विचारलं, "लॅन्सीभाई, कोई गवाह है? उस दिन किचन में और कौन था?"

लॅन्सीने लगेच नाव सांगितलं. सुदेश तांडेल.

सुदेश सातपाटीचा. लॅन्सीच्या शेजारच्या टेबलावर पाच वर्षं काम केलेला, त्याच्यापेक्षा सहा-सात वर्षांनी लहान. दोघं दिवसभर मराठीत बोलायचे, त्यावरून इतरांची बोलणी खायचे. कोविडच्या वर्षी हॉटेलने माणसं कमी केली त्यात सुदेश गेला. आता तो अल ऐनला एका शाळेचं कँटीन सांभाळत होता. लॅन्सीने त्याला फोन केला, भेटायचंय एवढंच सांगितलं, आणि मला म्हणाला, "सूर्याभाऊ, शनिवारी सोडशील का?"

अल ऐनचा रस्ता सरळ आहे. दोन्ही बाजूंना वाळू आणि उंटांसाठी घातलेलं कुंपण. जाताना लॅन्सी बऱ्याच दिवसांनी खुलला होता. सुदेशच्या आठवणी सांगत होता. सुदेश ओव्हनच्या काचेला कान लावायचा, म्हणायचा की पावलोव्हा गार होताना बारीक आवाज येतो, तडतड असा, आणि तो ऐकला की कळतं झाला की नाही. लॅन्सीला वाटत होतं की सुदेशकडून दोन ओळी लिहून घ्यायच्या, सही घ्यायची, खलास.

सुदेश आम्हाला त्याच्या घराजवळच्या एका छोट्या कॅफेटेरियात भेटला. सडसडीत माणूस, केस पुढून गेलेले. लॅन्सीने त्याला मिठी मारली. त्याने मारू दिली. मला नमस्कार केला, तीन कडक चहा सांगितले, घरच्यांची चौकशी केली. मग लॅन्सीने मासिक काढून दाखवलं आणि पहिल्यापासून सगळं सांगितलं. सुदेशने फोटो बराच वेळ बघितला.

"मी काय लिहून द्यायचं?" त्याने विचारलं.

"एवढंच की लूमी मी घातली, त्या लग्नाच्या दिवशी, आणि तू तिथे होतास."

सुदेशने मासिक बंद करून लॅन्सीकडे सरकवलं. आवाज जराही न चढवता तो म्हणाला, "लूमी मी घातली होती, दादा."

लॅन्सी हसला. त्याला वाटलं मस्करी चालली आहे. पण सुदेश हसत नव्हता.

"लिंबं संपली होती ना त्या दिवशी," लॅन्सी म्हणाला.

"नव्हती संपली. खाली अख्खा क्रेट होता. तूच म्हणालास लिंबू घाल. मी दोन ट्रेला लिंबू घातलं आणि तिसऱ्याला लूमीचं पाणी. आपल्या स्टाफच्या मेसमध्ये तो इराणी कुक होता, माशाच्या रश्शात लूमी टाकायचा. माझ्या डोक्यात ती चव बसली होती. बघावं म्हटलं."

"आणि मी?"

"तू चिडलास. रंग बघून म्हणालास, हे काय चहा ओतलास का. ट्रे मागे ठेवायला लावलास. मग बाहेर पांढरे कमी पडले म्हणून तो पाठवला. तोच त्यांनी परत मागितला."

लॅन्सी मग म्हणाला की हात मी वर केला होता, हे तरी खरं ना.

"हो," सुदेश म्हणाला. "मी तेव्हा कोल्ड रूममध्ये होतो. बाहेर आलो तेव्हा सगळे तुझ्या पाठीवर थापा मारत होते."

"मग तू बोलला का नाहीस?"

सुदेशने टेबलावर सांडलेला चहा टिशूने पुसला. मग म्हणाला की पहिले काही दिवस वाटलं लॅन्सी स्वतःच सांगेल. मग लॅन्सीने त्यावर कामाला सुरुवात केली. पाणी किती, उकळायचं किती, बिया काढायच्या की ठेवायच्या, दमट दिवशी साखर किती वाढवायची, महिनोन्‌महिने तो तेच करत होता. सुदेशने तर एकदाच घातली होती. तेव्हा कोणाचं काय, असं त्यालाही वाटायला लागलं. "आणि तू सीनियर होतास," तो शेवटी म्हणाला. "तुझ्याशी भांडून मी कुठे उभा राहणार होतो?"

त्याने कुठलाही कागद लिहून दिला नाही. लॅन्सीने मागितलाही नाही. निघताना सुदेशने मला एका पिशवीत त्याच्या बायकोने केलेले बोंबील दिले. लॅन्सीला दिलं नाही असं नाही, पिशवी दोघांची मिळून एकच होती, पण ती त्याने माझ्या हातात दिली.

परत येताना निम्मा रस्ता लॅन्सी खिडकीबाहेर बघत होता. मग म्हणाला की हा माणूस खोटं बोलतोय. थोड्या वेळाने म्हणाला की खोटं बोलायला त्याला काय कारण आहे. दुबईच्या अलीकडे टोलची कमान आली तेव्हा त्याने मला एक गोष्ट सांगितली, जी त्याने तोवर कोणालाच सांगितली नव्हती. दोन हजार वीसमध्ये माणसं कमी करायची होती तेव्हा त्या वेळच्या शेफने लॅन्सीला विचारलं होतं की तुझ्या हाताखालच्या पाचातले तीन ठेवायचे असतील तर कोणते. लॅन्सीने जी तीन नावं दिली त्यात सुदेशचं नव्हतं. कारण त्याने असं दिलं होतं की सुदेश हातचं काम सोडून प्रयोग करत बसतो.

"त्याला माहीत आहे का?" मी विचारलं.

"मला नाही माहीत," लॅन्सी म्हणाला. "आज वाटलं की माहीत आहे."

मी गाडी चालवत राहिलो.

घरी पोहोचलो तर नोराने वर चहाला बोलावलं. ऑड्री ट्यूशनला गेली होती. आम्ही तिघंच होतो. लॅन्सी खुर्चीत बसला आणि बूटही न काढता त्याने नोराला विचारलं की त्या लग्नाच्या दिवशी मी घरी येऊन काय म्हणालो होतो, तुला आठवतं का.

नोरा गॅसजवळ उभी होती. तिने त्याच्याकडे वळून न बघता विचारलं, "आज काय झालं तिकडे?"

"तू आधी सांग."

तिने गॅस बारीक केला. म्हणाली की तू चिडून आला होतास. म्हणालास, त्या सुदेशने आज लूमी घालून एक अख्खा ट्रे खराब केला होता, नशीब माझं की लोकांना आवडला. हे तू दार उघडता उघडता बोललास. दुसऱ्या दिवशी परत काही म्हणाला नाहीस. दोन-तीन महिन्यांनी चर्चच्या फीस्टला तू लोकांना सांगत होतास तेव्हा गोष्ट वेगळी होती.

"आणि तू मला कधी बोलली नाहीस?"

"मला वाटलं तुला माहीत आहे," नोरा म्हणाली. "मग तू इतक्या वेळा सांगितलंस की मला वाटायला लागलं, मीच चुकीचं ऐकलं असेल. मग ऑड्रीने निबंध लिहिला. त्यानंतर मी कशी बोलणार होते?"

लॅन्सीने बूट काढले आणि ते हातात घेऊन तसाच बसून राहिला. मी चहा अर्धा टाकून वर गेलो. माझ्या बायकोला, विभावरीला, सांगितलं तर ती म्हणाली की तो खोटारडा नाही. मी म्हटलं ते मलाही माहीत आहे, पण मग त्याला म्हणायचं काय, ते कळत नाही.

तो दोन दिवस कामावर गेला नाही. पोट बिघडलंय असं कळवलं. मंगळवारी सकाळी गाडीत बसला तेव्हा फोनवर हवामान बघितलं नाही. म्हणाला, रात्रंदिवस तो मसाल्याच्या फळीसमोरचा क्षण आठवून बघतो आहे. त्याला बरणी दिसते, तिचं निळं झाकण दिसतं, आपला हात तिच्याकडे जाताना दिसतो. इतकं स्पष्ट दिसतं. आणि ते झालेलं नाही. "मग दुसरं काय काय झालेलं नसेल, सूर्याभाऊ?" त्याने मला विचारलं. मी म्हटलं असा विचार करू नकोस.

तक्रार मागे घ्यावी आणि गप्प बसावं, असं मी त्याला सुचवलं. कोणाला काही कळणार नव्हतं. अरफा मॅडमही आनंदाने फाइल बंद करणार होत्या. त्याने मान हलवली. म्हणाला, ती गोष्ट एकदा माझ्या तोंडून निघालीय, ती माझ्याच तोंडून परत यायला पाहिजे.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो एचआरमध्ये गेला. आधीचा कागद परत मागितला नाही, त्याला दुसरा कागद जोडला. त्यात त्याने लिहिलं की लूमी पहिल्यांदा घालणारा माणूस सुदेश तांडेल, आता हॉटेलच्या नोकरीत नाही. त्यानंतर नऊ वर्षं प्रमाणं बसवण्याचं काम लॅन्सी तुस्कानोचं. शेफ कॅलमने फक्त प्लेटवरची मांडणी बदलली. मासिकात आणि मेनूवर सुदेशचं नाव पहिलं यावं. मसुदा इंग्रजीत मीच टाइप करून दिला होता, म्हणून मला शब्दन्‌शब्द माहीत आहे.

अरफा मॅडमनी तो वाचून चष्मा काढला. त्या वाईट बाई नव्हत्या. म्हणाल्या, "लॅन्सीभाई, आपने तो अपना ही केस खतम कर दिया." मग समजावलं की आता कंपनी यात काहीच करू शकत नाही. कंपनीच्या किचनमध्ये जे बनतं ते कंपनीचं असतं, हे प्रत्येकाच्या कॉन्ट्रॅक्टमध्ये लिहिलेलं आहे. जो माणूस आता इथे नाही त्याचं नाव मेनूवर घालणं तर शक्यच नाही. आठवड्याभरात तक्रार निकालात निघाल्याचा मेल आला. मेनूवर पदार्थाच्या नावाखाली शेफचं नाव छापलं होतं ते काढलं, एवढाच बदल झाला. तिथे कोणाचंच नाव राहिलं नाही.

कॅलमला तक्रारीचं कळायचं ते कळलंच. तो लॅन्सीला म्हणाला की मी कधीच म्हणालो नव्हतो मी शोधला, ते त्या मासिकवाल्या मुलीने लिहिलं. लॅन्सीच्या मते तो खरं बोलत होता. पण त्यानंतर त्यांच्यातलं हसणं-बोलणं संपलं. नोव्हेंबरात नवी ड्यूटी लागली त्यात लॅन्सी पेस्ट्रीतून ब्रेड सेक्शनला गेला. पगार तोच, हुद्दा तोच. कारण विचारलं तर सांगितलं गेलं की तिथे अनुभवी माणूस हवा होता. ब्रेडची शिफ्ट पहाटेची, त्यामुळे हॉटेलची बस त्याला न्यायला यायला लागली आणि आमची गाडीतली नऊ वर्षं तिथे थांबली.

ऑड्रीला सांगणं त्याने सगळ्यात शेवटी ठेवलं होतं. ते मला नोराकडून कळलं. जेवताना त्याने तिला सगळं सांगितलं, काहीही न लपवता, सुदेशचं नाव यादीत घातलं नाही ते सुद्धा. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "सो यू लाइड, डॅड?" लॅन्सी म्हणाला की मला तसंच आठवत होतं, बाळा. ती म्हणाली, "दॅट्स नॉट अ नो." आणि ताट उचलून आत गेली. चार-पाच दिवस ती त्याच्याशी कामापुरतंच बोलली. मग एका संध्याकाळी लॅपटॉप घेऊन त्याच्याजवळ बसली आणि त्या दोन देशांच्या भांडणाचं वाचून दाखवायला लागली. कोणी म्हणतो हा शेफ, कोणी म्हणतो ती बाई, आणि आता काही अभ्यासक म्हणतात की नर्तकीच्या कितीतरी आधी जर्मन आणि अमेरिकन घरांमध्ये असाच पदार्थ होत होता. तिला बहुतेक त्याला बरं वाटावं असं वाटत होतं. लॅन्सीने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला की त्यातली माणसं मेलीत, ऑड्री. सुदेश अल ऐनला आहे.

तिने यावर काय म्हटलं ते नोराने सांगितलं नाही. निबंधाचा कागद मात्र तिने स्वतः फ्रिजवरून काढला. टाकला की ठेवला, ते घरात कोणी विचारलं नाही.

सुदेशला त्याने फोन करून कळवलं होतं की मी कागदावर लिहून दिलंय, पण काही झालं नाही. सुदेश म्हणाला, बरं केलंस. मग विचारलं की अजून तिथे तोच ओव्हन आहे का, मधल्या कप्प्यात उजवीकडे जास्त तापणारा. लॅन्सी म्हणाला तोच आहे. एवढं बोलून दोघांनी फोन ठेवला. यादीबद्दल लॅन्सीला बोलायचं होतं. फोनवर जमलं नाही.

म्हणून तो अल ऐनला जायला लागला. मला सोड म्हणाला नाही. मी विचारलं तरी नको म्हणाला. सुट्टीच्या दिवशी शारजाच्या जुबैल स्टँडवरून बस पकडायची, दोन-सव्वादोन तास जायला, तेवढेच यायला. पहिल्यांदा गेला तेव्हा सुदेशने त्याला कँटीन दाखवलं. शाळेला सुट्टी होती, रिकाम्या टेबलांमध्ये दोघं बसले. लॅन्सीने तिथे यादीचं सांगितलं. सुदेश म्हणाला की मला त्याच आठवड्यात कळलं होतं, त्या शेफने स्वतःच सांगितलं. त्यानंतर सुदेशला आठ महिने नोकरी नव्हती, व्हिसा संपायला आला होता, बायकोला आणि मुलांना गावी पाठवावं लागलं होतं. हे त्याने रागाने सांगितलं नाही, सगळं क्रमाने सांगितलं. लॅन्सीने माफी मागितली. सुदेशने ठीक आहे असं म्हटलं नाही. म्हणाला, चल, तुझी बस चुकेल.

दुसऱ्यांदा गेला ते डिसेंबरात, नाताळच्या आधी. नोराने केलेल्या करंज्या आणि केक घेऊन गेला. तेव्हा सुदेशने त्याला घरी नेलं, बायकोची ओळख करून दिली, जेवायला घातलं. बायको फारसं बोलली नाही. नाताळला शारजाला या, असं लॅन्सीने सांगितलं. ते आले नाहीत. आम्ही गेलो होतो, मी, विभावरी आणि आमची मुलं. ऑड्रीने आम्हाला केक दिला. लॅन्सी पहाटेच्या शिफ्टहून येऊन झोपेतच वावरत होता, तरी सगळ्यांच्या मध्ये बसला. चर्चमधले कोणीतरी नवे पाहुणे होते. त्यांनी विचारलं की तुमच्या हॉटेलात तो काळ्या लिंबाचा पावलोव्हा मिळतो ना, तो तुमचा म्हणे. लॅन्सी म्हणाला, "माझ्या एका मित्राने पहिल्यांदा केला. मी नंतर शिकलो." आणि पाहुण्यांना वाइन हवी की रस, ते विचारायला उठला.

तिसऱ्यांदा तो जानेवारीच्या अखेरीस गेला. फोन करून गेला नव्हता. कँटीन बंद होतं आणि घराला कुलूप. दीड तास थांबला, मग फोन लावला. सुदेशने सांगितलं की आज जमणार नाही दादा, बाहेर आहे, आधी सांगायला हवं होतंस. कुठे बाहेर ते सांगितलं नाही. लॅन्सी पुढच्या बसने परत आला. लिफ्टमध्ये मला भेटला. मी विचारलं तर एवढंच म्हणाला की पुढच्या महिन्यात फोन करून जाईन.